घनतेचे अध्यापन : द्रवांचे थर आणि तरंगणाऱ्या वस्तू

प्रस्तावना :
'एकक आकारमानातील वस्तुमान म्हणजे घनता' ही व्याख्या विद्यार्थ्यांना मुखोद्गत असते. तथापि 'जड वस्तू बुडते, हलकी तरंगते' हा समज महाविद्यालयीन वर्गातही टिकून राहतो. त्याच्या निराकरणासाठी पुढील प्रयोग उपयुक्त ठरतो.

प्रयोग :
उभट काचपात्रात प्रथम मध (घनता सुमारे १.४ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर), त्यावर पाणी (१.०) व शेवटी शेंगदाण्याचे तेल (सुमारे ०.९१) पात्राच्या कडेने सावकाश ओतावे. लोखंडी खिळा तळ गाठतो. द्राक्ष पाण्यातून खाली जाऊन मधावर स्थिरावते. खिळ्याहून कितीतरी जड मेणबत्ती मात्र पाण्यात बुडत नाही.

विवेचन :
येथे दोन बाबींची गल्लत संभवते. पहिली, दाटपणा आणि घनता यांची. दाट मध तळाशी असल्याने ती अधिक दृढ होते. परंतु पाण्याहून दाट असलेले तेल वर राहते, हे निदर्शनास आणावे. दुसरी, थर केवळ घनतेमुळे टिकतात ही. मिश्रण ढवळल्यास तेल पुन्हा वर येते; मध मात्र पाण्यात विरघळतो. तसेच पाण्यावर तरंगणारा बर्फ (०.९२) स्पिरिटमध्ये (सुमारे ०.८) बुडतो. म्हणजेच तरंगणे हा एकट्या वस्तूचा गुणधर्म नसून वस्तू व द्रव यांच्या घनतांच्या तुलनेचा परिणाम होय.

निष्कर्ष :
प्रत्येक कृतीपूर्वी विद्यार्थ्यांकडून अंदाज कारणासह लिहून घ्यावा. अंदाज चुकल्यावर होणारा पुनर्विचार हेच या प्रयोगाचे खरे फलित आहे. अन्यथा तो केवळ रंगीत देखावा ठरतो.