‘वरीलप्रमाणे’ लिहिणारा सर्व्हर

लिनक्सचा सर्व्हर इंटरनेटला जोडला की थोड्याच वेळात कोणीतरी दूरवरून त्याचे दार ठोठावू लागतो. ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याचे पासवर्ड एकामागून एक लावून पाहणे, हा या मंडळींचा उद्योग. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, ओळ उमटते, ‘फेल्ड पासवर्ड फॉर रूट’, आणि तिच्याखाली कधीकधी एवढेच: ‘लास्ट मेसेज रिपीटेड ४ टाइम्स’. तर पासवर्ड किती वेळा चुकला? चार नव्हे, पाच वेळा. मूळची एक ओळ आणि तिच्या चार आवृत्त्या. चुकीच्या पासवर्डच्या ओळी नुसत्या शोधून मोजल्या, तर मात्र हाती एकच लागते.

ही काटकसर जुनी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात ‘सेंडमेल’ या टपाल-प्रणालीसाठी नोंदी ठेवणारा सिसलॉग लिहिला आणि पुढे सगळ्या युनिक्सने तो उचलला. तेव्हा डिस्क लहान आणि महाग होत्या. एखादी बिघडलेली डिस्क सेकंदाला शंभरदा तीच तक्रार करू लागली, तर त्या तक्रारींनीच उरलेली जागा भरून जायची. म्हणून बर्कलीच्या सिसलॉग-डी या नोंदी लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सोय झाली: वेळ वगळून मजकूर मागच्या ओळीसारखाच असेल तर तो लिहायचा नाही, फक्त मोजायचा. वेगळा संदेश आला की आकडा नोंदवायचा. तोच संदेश येत राहिला तर आधी ३० सेकंदांनी, मग १२० आणि पुढे दर ६०० सेकंदांनी.

हजेरीपटात कारकून नावाखाली नाव न लिहिता ‘वरीलप्रमाणे’ लिहितो, तसाच हा प्रकार. पान फाटले की ‘वरीलप्रमाणे’ म्हणजे कशाप्रमाणे, हे कळायला मार्ग नाही. लॉगची पाने तर नेमाने फाटतात: जुनी फाइल बाजूला ठेवून नवी सुरू होते आणि तिची पहिलीच ओळ ‘मागचा संदेश १४ वेळा’ अशी निघू शकते. ‘ग्रेप’ या शोधसाधनाने चाळल्यावरही तेच. संदेश एकीकडे, त्याचा आकडा दुसरीकडे. रिसिसलॉग या नंतरच्या सिसलॉग-प्रोग्रॅमने हा दोष ओळखून आकड्यासोबत मूळ मजकूरही कंसात द्यायला सुरुवात केली, हे बरे केले.

शिवाय ही युक्ती फार सरळसोट आहे. ती फक्त लगतची ओळ पाहते. दोन प्रोग्रॅम आळीपाळीने बडबडू लागले, तर लाखभर ओळींतली एकही गळत नाही. पासवर्डच्या उदाहरणातही एकाच जोडणीतल्या चुका तेवढ्या एकत्र होतात. हल्लेखोर नव्याने जोडला गेला की ओळीत नोंदलेला पोर्टचा आकडा बदलतो आणि ओळ ‘वेगळी’ ठरते. म्हणजे जागा वाचेलच याची खात्री नाही आणि माहिती मात्र जाते. कोणती? नेमकी वेळ. दहा मिनिटांत ३०० त्रुटी सलग आल्या की दोन झटक्यांत, यावरून निदान बदलते. आकड्यात तो फरक उरत नाही. ओळी मोजून हल्लेखोराला बंदी घालणाऱ्या फेल-टू-बॅनसारख्या साधनांचा हिशेबही इथेच चुकू शकतो.

दुसरा मार्ग वेगावर मर्यादा घालण्याचा. लिनक्सच्या कर्नलमध्ये अशी मर्यादा लावलेल्या ठिकाणाहून सहसा ५ सेकंदांत १० संदेश जाऊ दिले जातात, बाकीचे गिळून नंतर किती गिळले तेवढे सांगितले जाते. जर्नल-डी या लॉग ठेवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमचे धोरणही त्याच जातीचे. यात तर वेगळे, महत्त्वाचे संदेशही गर्दीत हरवू शकतात. पण पूर आलाच, तर सर्व्हर उभा राहण्यासाठी हे गेट लागतेच.

साध्या पुनरावृत्तीसाठी मात्र आज लिहिताना गाळण्याचे कारण उरलेले नाही. तीच ती ओळ जी-झिपने दाबली की नगण्य जागेत मावते. सगळे लिहून ठेवावे, आणि वाचताना वेळ-पोर्ट काढून ‘सॉर्ट’ व ‘युनिक -सी’ या आज्ञांमधून गाळावे. सॉर्ट आधीच हवे, कारण ‘युनिक’लाही शेजारच्याच ओळी दिसतात.

रिसिसलॉगमध्ये हा संक्षेप मुळात बंद असतो. उबंटूबरोबर येणाऱ्या त्याच्या रचनेत मात्र ‘रिपीटेड-मेसेज-रिडक्शन’ चालू केलेले असते. तुमच्या सर्व्हरवर उबंटू असेल, तर लॉगमधले आकडे कोणाला कळवण्याआधी रचनेतली तेवढी एक ओळ तपासा.