पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं?

'पॉझिटिव्ह विचार कर गं!' हा सल्ला हळदीकुंकवापासून भिशीपर्यंत कुठंही फुकट मिळतो. त्यामुळे पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं आणि निगेटिव्ह म्हणजे वाईट, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. दवाखान्यात मात्र या शब्दाचा अर्थ एवढाच, की जे शोधत होतो ते सापडलं. दिवस गेल्याची तपासणी पॉझिटिव्ह आली की पेढे वाटायचे आणि २०२० साली करोनाची आली की शेजारीपाजारी दारं लावून घ्यायचे. शब्द तोच!

रक्तगटात तर याहून गंमत. गंमत कसली म्हणा, माझ्या नात्यातल्या एका सुनेचा गट 'ओ निगेटिव्ह' निघाला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हिच्या रक्तातच खोट आहे." पोरगी बिचारी गप्प. पुढं कुणी रक्तगट विचारला की टाळायला लागली. अहो, खोट कसली? आपल्या तांबड्या पेशींवर 'आरएच डी' नावाचं एक प्रथिन असतं. ते असलं तर पॉझिटिव्ह, नसलं तर निगेटिव्ह. आपल्या देशात शंभरातल्या साधारण पाच जणांत ते नसतं. त्यात पुरुषही आले, पण त्यांच्या रक्ताला खोट म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

खरा धोका आहे तो लपवण्यात. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील, तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळंतपणात त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्याला परकं समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पहिलं बाळ बहुधा सुखरूप असतं. पुढच्या खेपेला मात्र हीच प्रतिपिंडं पोटातल्या बाळाच्या तांबड्या पेशी मोडतात. बाळाला जबर कावीळ होते, रक्त कमी पडतं, कधीकधी बाळ दगावतं.

यावर 'अँटी-डी' नावाचं इंजेक्शन आहे. साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात एक आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना याबद्दल विचारायचंच, 'मूल राहिलंच नाही, आता कशाला' म्हणून घरी निघून यायचं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात कुणी निगेटिव्ह गटाची गरोदर असेल, तर नवऱ्याचाही रक्तगट तपासून तिच्या कार्डावर लिहून घ्या. आणि बाळंतपण झालं, की मुलगा की मुलगी विचारणाऱ्या गर्दीत एकीनं तरी बाळाचा रक्तगट विचारा.