रोशा तेल : नाव एकच, गुण वेगळे

हर्सूलला औषधी तेलाचं युनिट टाकताय? आधी रोशा गवत समजून घ्या. सांधेदुखीवर चोळायचं हे तेल पूर्वी खानदेशातून मुंबईमार्गे परदेशात जायचं. गवताचे प्रकार दोन, दिसायला जवळपास सारखेच. 'मोतिया' कोरड्या, निचऱ्याच्या डोंगरउतारावर येतो. 'सोफिया' ओलसर जागी. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर, म्हणून गुलाबासारखा वास आणि चांगला भाव. सोफियात ते कमी, भावही कमी. शिवाय एकाच जातीतसुद्धा माती, पाऊस, कापणीची वेळ बदलली की तेल बदलतं.

म्हणून नुसत्या नावावर माल घेऊ नका. जात, गाव, कापणीचा महिना विचारा. प्रत्येक लॉटचा जीसी रिपोर्ट मागा. स्वतः लावणार असाल तर शेतात पाणी साचत नाही ना, ते बघा. आणि लेबलवर 'दुखणं बरं होतं' छापायच्या आधी औषध परवाना काढा!