ओपन सोर्सचा कायदा – लेखांक ४ : ‘या अटीवर’

गेल्या आठवड्यात एमआयटी आणि जीपीएल या परवान्यांतला फरक पाहिला. पण समोरच्याने अटी धुडकावल्या, तर न्यायालयात त्या टिकतात का? अमेरिकेत याचं ठोस उत्तर मिळालं ते २००८ साली, तेही मॉडेल रेल्वेच्या एका खटल्यात.

रॉबर्ट जेकबसन हे बर्कलीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, छंद मॉडेल रेल्वेचा. या चिमुकल्या इंजिनांच्या पोटात डीकोडर नावाची चिप असते. तिच्या कितव्या खणात कोणता आकडा भरला की गाडी किती वेगाने सुटेल, दिवा कसा लागेल, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. हौशी मंडळींनी एकेका चिपची ही माहिती जमवून फाइली बनवल्या आणि जेकबसन यांच्या ‘जेएमआरआय’ प्रकल्पातून त्या फुकट वाटल्या. परवाना होता ‘आर्टिस्टिक लायसन्स’, पर्ल भाषेच्या लॅरी वॉल यांनी लिहिलेला.

मॅथ्यू काट्झर यांच्या कंपनीने यातल्या फाइली आपल्या विकाऊ सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या. लेखकांची नावं गेली, कॉपीराइटची सूचना गेली, मूळ कुठलं आणि बदल काय केले याचाही पत्ता नाही. संध्याकाळचे तास खर्चून ज्यांनी हे काम केलं, त्यांना मोबदला म्हणून मिळणार होतं ते फक्त नाव. तेच पुसलं गेलं.

जेकबसन यांनी मनाई हुकूम मागितला. २००७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या जिल्हा न्यायालयाने तो नाकारला : परवाना मोडणं हा फार तर करारभंग, कॉपीराइटचा भंग नाही. वरवर पाहता हा शब्दांचा कीस वाटेल. पण करारभंगात नुकसान पैशांत मोजून दाखवावं लागतं, आणि फुकट वाटलेल्या वस्तूचं नुकसान मोजायचं कसं?

१३ ऑगस्ट २००८ रोजी फेडरल सर्किट अपील न्यायालयाने हा निकाल फिरवला. परवान्यातल्या ‘प्रोव्हायडेड दॅट’, म्हणजे ‘या अटीवर’, या शब्दांना त्यात मोठं वजन मिळालं. समजा, तुम्ही कुणाला जमीन कसायला दिली. ‘बांध फोडायचा नाही, या अटीवर दिली’ असं असेल, तर बांध फुटला की परवानगीच संपली. पुढे नांगर घालणं म्हणजे घुसखोरी. ‘जमीन दिली, आणि त्याने बांध राखायचं कबूल केलं’ असं असेल, तर परवानगी शाबूत, फक्त शब्द मोडला. न्यायालयाने आर्टिस्टिक लायसन्स पहिल्या प्रकारात धरलं. पैसे घेतले नाहीत म्हणून कामाला आर्थिक मोल नाही असं होत नाही, हेही बजावलं. फुकट वाटण्यातून लौकिक मिळतो, जाणकारांकडून सुधारणा मिळतात. हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

तरी वाट सोपी नव्हती. २००९ मध्ये खालच्या न्यायालयाने मनाई हुकूम पुन्हा नाकारला, कारण भरून न येणारी हानी पुराव्याने दाखवली गेली नव्हती. तडजोड झाली २०१० मध्ये.

एवढा निकाल परवान्यातल्या दोन शब्दांवर तोलला गेला. म्हणून स्वतःचा परवाना स्वतः लिहू पाहणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : नका लिहू. आर्टिस्टिक लायसन्सची पहिली आवृत्ती जीपीएलच्या मागे असलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनलाही फार मोघम वाटते. जेएमआरआय आजही चालू आहे, आणि तो आता जीपीएलखाली मिळतो.

पुढच्या आठवड्यात : एकाच सॉफ्टवेअरला दोन परवाने.