ओढ कशी लागते?

मंडळी, प्रार्थना रोज होते, पण मन देवाकडे धाव घेत नाही, अशी तक्रार ख्रिस्ती घरांतूनही ऐकू येते. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. तुकोबांची ती तळमळ ख्रिस्ताच्या पायाशी नेण्यासाठी त्यांनी अभंग रचले, भजन-कीर्तनाची वाट धरली. ओढ आधी आणि गाणे मागून, असे आपण समजतो. पण पुष्कळदा गाता गाताच ती लागते! १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. ही ओढ फुकट मात्र नव्हती. बाप्तिस्म्यामुळे नवराबायकोची काही वर्षे ताटातूट झाली. ते दिवस लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त वाचावेत.