पेनांगच्या गाडीवरचे 'क्वे त्याव' आणि आपली सालपापडी

चैत्र-वैशाखात ज्या घरी सालपापड्या घालतात, त्या घरच्या बायकांना ही पाककृती अर्धी येतेच. उरलेली अर्धी, ज्या घरात मटणाचे अळणी पाणी काढतात त्यांना येते. ही दोन्ही एका वाडग्यात आली, की मलेशियातल्या पेनांग बेटावर सकाळच्या न्याहारीला मिळणारे 'क्वे त्याव थंग' तयार होते. डुकराच्या हाडांचा निवळशंख रस्सा, त्यात तांदळाच्या मऊ चपट्या पट्ट्या, वर मांसाचे चार काप आणि तळलेला लसूण. मसाला जवळजवळ नाहीच. आपल्या जिभेला पहिल्या घोटाला ते फिके वाटेल, पण दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला त्याची गोडी कळू लागते.

तिकडच्या चिनी बोलीत 'क्वे' म्हणजे तांदूळ वाटून उकडलेला पदार्थ आणि 'त्याव' म्हणजे पट्टी. 'थंग' म्हणजे रस्सा. हा पदार्थ मूळचा दक्षिण चीनमधल्या त्योच्यू लोकांचा. गेल्या दोन शतकांत ही माणसे पोटापाण्यासाठी समुद्र ओलांडून पेनांग, सिंगापूर, बँकॉक अशा ठिकाणी गेली. कोणी गोदीवर हमाली केली, कोणी मळ्यावर राबले आणि कोणी खांद्यावर कावड घेतली. कावडीच्या एका बाजूला पेटती शेगडी आणि रश्शाचे भांडे, दुसऱ्या बाजूला वाडगी आणि पट्ट्या. गिऱ्हाईक दिसेल तिथे कावड टेकवायची आणि गरम वाडगे हातात द्यायचे. पुढे कावडीची हातगाडी झाली. सिंगापूरच्या सरकारने १९६८-६९ मध्ये रस्त्यावरच्या विक्रेत्यांची नोंदणी केली आणि १९८६ पर्यंत त्यांना पाणी, गटार आणि ओटे असलेल्या बांधीव केंद्रांत हलवले. तिथल्या या खाद्यपरंपरेला २०२० साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. पेनांगला मात्र आजही गाड्या रस्त्याकडेला उभ्या राहतात, नाहीतर 'कोपीत्याम'मध्ये, म्हणजे चहा-कॉफीच्या दुकानात, कोपरा भाड्याने घेतात.

हा कष्टकऱ्यांचा पदार्थ आहे हे ध्यानात ठेवले, की त्यातली प्रत्येक गोष्ट तिथे का आली ते कळते. चांगले मांस महाग, म्हणून रस्सा हाडांचा. अख्खा तांदूळ शिजवला तर गाडीवर गचका होतो, म्हणून पट्ट्या. गाडीवाले आता पट्ट्या कारखान्यातून आणतात. त्यात नवल नाही, आपल्याकडेही सालपापड्या पुष्कळ घरी बचत गटाकडूनच येतात. पण खेड्यात अशा ओल्या पट्ट्या विकत मिळायच्या नाहीत आणि शहरात मिळतात त्या वाळलेल्या. तेव्हा घरीच कराव्यात हे बरे, आणि करायला अवघड नाहीत.

तांदूळ जुना हवा. इथे बहुतेकांचे चुकते. घरचा नवा आंबेमोहोर किंवा इंद्रायणी कौतुकाने घेऊ नये. तो भाताला गोड, पण इथे चिकटून गोळा होतो. वर्षभराचा जुना कोलम किंवा जाडा तांदूळ घ्यावा. शिजल्यावर सुटा मोकळा राहणारा तांदूळ थंड झाल्यावर घट्ट धरतो, आणि पट्टीला तेच हवे असते. उकडा तांदूळ नको. पाव किलो तांदूळ रात्री भिजत घालावा, सकाळी पाणी टाकून गंधासारखा बारीक वाटावा. त्यात ५० ग्रॅम साबुदाण्याचे पीठ, अर्धा चमचा मीठ आणि एक चमचा तेल घालावे. साबुदाण्यामुळे पट्टीला लवचिकपणा येतो, नाहीतर ती उचलताना तुटते. वाटण्यासाठी घातलेल्या पाण्यासह एकंदर पाऊण लिटरच्या वर थोडे पाणी लागते. पीठ दुधापेक्षा किंचित दाट असावे. सालपापडीसाठी काही घरी पीठ आंबवतात, इथे आंबवायचे नाही. अर्धा तास झाकून ठेवले की पुरे.

पुढचे सांगायलाच नको. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळत ठेवावे, वर चाळणी, चाळणीत तेलाचा हात फिरवलेली सपाट काठाची ताटली. पीठ दर खेपेला तळापासून ढवळून डावभर ओतावे आणि ताटली हलवून सारखे पसरावे. तांदूळ खाली बसतो, न ढवळता घातलेत तर पहिली पट्टी पाण्यासारखी आणि शेवटची दगडासारखी होईल. झाकण घालून मोठ्या आचेवर तीन मिनिटे. पिठावर फुगे आले आणि पांढरेपणा जाऊन ते काचेसारखे दिसू लागले की उतरवावे. ताटली गार पाण्यावर टेकवावी, वरून तेलाचे बोट फिरवावे आणि कडेने सोडवून काढावे. वाळत मात्र घालायचे नाही. एकावर एक रचून, गार झाल्यावर बोटाच्या रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. दोन ताटल्या आणि दोघीजणी असल्या तर तासाभरात पाच माणसांपुरते होते. एकटीने करायचे तर कंटाळवाणे काम आहे, हे खरे.

आता रस्सा. किलोभर डुकराची हाडे घ्यावीत, त्यात नळीची थोडी असावीत. सोबत कोंबडीची पाठ-मान असल्यास उत्तम. हाडे आधी उकळत्या पाण्यात पाच मिनिटे घालून ते काळपट फेसाचे पाणी फेकून द्यावे आणि हाडे धुऊन घ्यावीत. निवळ रश्शाचे निम्मे रहस्य इथेच आहे. मग चार लिटर गार पाण्यात हाडे, ठेचलेले आले, चमचाभर कुटलेली पांढरी मिरी आणि मूठभर भिजवलेले सोयाबीन घालून चुलीवर ठेवावे. एक उकळी आली की लाकडे मागे ओढावीत. पाणी फक्त मधूनमधून हलले पाहिजे, उसळता कामा नये. उसळले की चरबी पाण्यात मिसळते आणि रस्सा दुधाळ होतो. असे तीन तास. शेवटच्या पाऊण तासात मूठभर सुके लहान मासे फडक्यात बांधून सोडावेत. पेनांगला यासाठी सुकी बारीक मासळी वापरतात, आपल्याकडे कोकणात त्याला तोटा नाही. मीठ आणि सुपारीएवढा खडीसाखरेचा खडा अगदी शेवटी. कुकर वापरायचा असेल तर वाफ आपोआप जाऊ द्यावी, शिटी उचलून सोडली की आत रस्सा उसळतो.

रस्सा होईपर्यंत लसूण. वाटीभर डुकराची चरबी बारीक चिरून, दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर वितळवावी. कुरकुरीत तुकडे वेगळे काढावेत, ते पोरे पळवतात. त्या चरबीत वीसेक पाकळ्या चिरलेला लसूण टाकून फिका सोनेरी होताच उतरवावा. उतरल्यावरही तो तळत राहतो, म्हणून लाल होण्याची वाट पाहू नये. कडवट झाला तर सगळे वाडगे बिघडते.

मांसाविषयी थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. मोकाट फिरणाऱ्या डुकराचे मांस घेऊ नये. परवाना असलेल्या दुकानातून, बंदिस्त पाळलेल्या जनावराचे घ्यावे. कापलेल्या मांसात तांदळाच्या दाण्याएवढे पांढुरके फोड दिसले तर ते मांस मुळीच घरात आणू नये. ती पट्टकृमीची बाल्यावस्था असते. असे मांस कच्चट खाल्ले तर आतड्यात कृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडून घाणेरड्या हातांनी किंवा न धुतलेल्या भाजीतून पोटात गेली, तर गाठी मेंदूपर्यंत जाऊन फिट्स येतात. त्यामुळे ज्याने आयुष्यात डुकराचे मांस चाखले नाही, अशालाही हा आजार होतो. उपाय साधे आहेत: संडास, साबण आणि पूर्ण शिजवणे. पेनांगचे गाडीवाले काळजाचे काप अर्धवट गुलाबी ठेवतात आणि शौकीन त्यावरच खूश असतात. घरी मात्र तसे करू नये.

ज्यांच्या घरी डुकरे पाळलेली आहेत त्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. मांस धुतलेले पाणी, कच्चे तुकडे, हाडे यातले काहीही डुकरांच्या खाद्यात जाऊ देऊ नये. आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग २०२० मध्ये भारतात प्रथम आसाम-अरुणाचलमध्ये आढळला. तो अशा खरकट्यातूनही पसरतो. माणसाला त्याची बाधा नाही, पण डुकरांचा गोठा काही दिवसांत रिकामा होतो. म्हणून हे सगळे खोल खड्ड्यात पुरावे.

पाव किलो निबर नसलेले मांस पातळ कापून त्याला चमचाभर सोया सॉस, मिरी आणि थोडे मक्याचे पीठ चोळून ठेवावे. वाढण्याआधी ते उकळत्या रश्शात सोडून आत गुलाबी रंग राहणार नाही इतके शिजू द्यावे. पातळ काप तीन-चार मिनिटांत होतात. पट्ट्या चाळणीत घेऊन उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवाव्यात, जास्त नाही. वाडग्यात पट्ट्या, मूठभर मोडाचे मूग, मांस, वरून उकळता रस्सा, चमचाभर लसूण-चरबी आणि कांद्याची पात. शेजारी लहान वाटीत सोया सॉसमध्ये लवंगी मिरचीचे तुकडे. तिखट ज्याला हवे त्याने त्यात मांस बुडवून खावे, मिरची रश्शात ओतू नये.

गोव्यात आणि वसईकडे ज्यांच्या घरी डुकराचे मांस शिजते, त्यांना यात नवे काही वाटणार नाही, फक्त तिखट नाही एवढेच. ज्यांना ते चालत नाही त्यांनी कोंबडीची हाडे आणि कोंबडीचेच मांस घ्यावे आणि लसूण तेलात तळावा. मलेशियातही अनेक ठिकाणी तसेच करतात. रश्शाला मग दीड तास पुरतो.

पट्ट्या उरल्या तर फ्रिजमध्ये ठेवू नयेत, लाकडासारख्या होतात. त्याच दिवशी फडक्यावर पसरून कडक उन्हात दोन दिवस वाळवाव्यात आणि डब्यात भरून ठेवाव्यात. पावसाळ्यात तळून खायला येतील.