पाचवीनंतर शाळा सुटलेली लीला : एलेना फेरान्ते यांच्या कादंबऱ्यांची ओळख



आज एका इटालियन लेखिकेची ओळख करून घेऊया. एलेना फेरान्ते हे तिचं टोपणनाव. पहिली कादंबरी १९९२ साली आली, पण ती आजही लोकांसमोर येत नाही. मुलाखतीसुद्धा लेखीच देते.

कथा काय आहे?

तिची सर्वांत गाजलेली कादंबरी चार भागांची आहे. २०११ ते २०१४ या काळात दरवर्षी एक भाग निघाला. नेपल्स शहरातली गरीब वस्ती, १९५० च्या सुमाराचा काळ आणि दोन मैत्रिणी. लेनूचे वडील नगरपालिकेत शिपाई, तर लीलाचे वडील बूट दुरुस्त करणारे. लीला घरच्या घरी स्वतःच वाचायला शिकलेली, वर्गात सगळ्यांच्या पुढे.

पाचवीनंतर पुढच्या शाळेसाठी प्रवेश परीक्षा असते. बाई पालकांना समजावतात. लेनूचे आईवडील कुरकुर करत का होईना, तयार होतात. लीलाचे होत नाहीत. ती हट्ट धरते तेव्हा वडील रागाच्या भरात तिला खिडकीतून बाहेर फेकतात आणि तिचा हात मोडतो. इटलीच्या १९४८ च्या राज्यघटनेत आठ वर्षांचं शिक्षण सक्तीचं आणि मोफत होतं, पण सर्वांसाठी एकच माध्यमिक शाळा १९६२ च्या कायद्याने आली. लीलासाठी तोवर उशीर झाला होता.

भाषांतर आणि रूपांतर

ॲन गोल्डस्टीन यांनी चारही भाग इंग्रजीत आणले (२०१२ ते २०१५). चौथा भाग २०१६ च्या मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या अंतिम यादीत होता.

यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. ही मुलं घरी नेपल्सची बोली बोलतात, शाळेत प्रमाण इटालियन. पुस्तकात लेखिका बहुतेक वेळा 'ती बोलीत म्हणाली' एवढंच सांगते, संवाद मात्र प्रमाण भाषेत लिहिते. एचबीओ आणि राय यांच्या मालिकेत (२०१८ ते २०२४) पात्रं खरोखर बोलीत बोलतात. त्यामुळे इटलीतल्या प्रेक्षकांसाठीही खाली प्रमाण इटालियन अक्षरं द्यावी लागली! आपल्या वर्गात पहिलीला येणारं मूल याच दोन भाषांच्या मधे उभं असतं, नाही का?

तिच्या इतर कादंबऱ्यांवरही चित्रपट निघाले. मारिओ मार्तोने यांचा १९९५ चा आणि मॅगी जिलनहॉल यांचा २०२१ चा 'द लॉस्ट डॉटर' हे त्यातले दोन.

मला आवडलेला प्रसंग

शाळा सुटल्यावरही लीलाचं वाचन सुटत नाही. वस्तीतल्या वाचनालयात ती स्वतःच्या आणि घरच्यांच्या नावाने कार्डं काढते आणि सगळी पुस्तकं एकटीच वाचते. पुढे सर्वाधिक वाचणाऱ्यांना बक्षिसं जाहीर होतात. पहिला नंबर लीलाचा, दुसरा तिच्या वडिलांचा, मग आई, मग भाऊ! शिकत राहिलेली लेनू पाचवी. हसू येतं, आणि लगेच घशाशी काहीतरी अडकतं.

बाईंनी प्रयत्न केला होता, हे खरं. पण नंतर लीलाने स्वतः लिहिलेली गोष्ट त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी त्यावर तिला एक शब्दही सांगितला नाही. परीक्षेला न बसलेली मुलगी त्यांच्या लेखी संपली होती. शिक्षक म्हणून मला हे जास्त टोचलं. शाळा सोडून गेलेल्या मुलाची वही आपल्यासमोर आली, तर ती आपण उघडू ना?